अर्ज खाली उतरत जातो

फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण महिला डॉक्टरने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपले आयुष्य संपवले. तळहातावर तिने दोन नावे लिहून ठेवली होती. त्यातले एक पोलीस उपनिरीक्षकाचे होते. गुन्हा दाखल झाला, निलंबन झाले, अटक झाली. खरे काय ते न्यायालय ठरवेल, त्याआधी मी ठरवणार नाही. पण तेव्हापासून साताऱ्यात, पोवई नाक्यावर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत जी चर्चा कानावर येते, ती ऐकून जीव कासावीस होतो. एक बाजू म्हणते, असल्यांना भर चौकात फाशी द्या. दुसरी म्हणते, एकाच्या पापासाठी सगळ्या खात्याला बदनाम करू नका, पोलिसांचे मनोबल खचेल. तिसरी बाजू कोण कुठल्या नेत्याच्या जवळचा, एवढेच शोधत बसते. या गदारोळात एक प्रश्न कोणी धरून ठेवला नाही. अटकेतल्या आरोपींच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांवरून आपल्यावर दबाव येतो, अशी लेखी तक्रार तिने काही महिने आधी वरिष्ठांकडे केली होती, असे बातम्यांतून पुढे आले. तो कागद ज्याच्या टेबलावर पोहोचला, त्याचे कायद्याने काय कर्तव्य होते? आणि ते त्याने पार पाडले नसेल, तर त्याला कोणते न्यायालय, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या परवानगीने जाब विचारणार आहे?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बदली, निलंबन आणि सरकारी तिजोरीतून दिलेली भरपाई यांनाच आपण जबाबदारी समजून बसलो आहोत. जबाबदारी म्हणजे ज्याने कृत्य केले आणि ज्याने ते करायला सांगितले, त्या दोघांना नावानिशी न्यायालयासमोर उभे राहावे लागणे. आज ते घडत नाही, ते कायद्यात शिक्षा कमी आहे म्हणून नव्हे. कबुली काढण्यासाठी मारहाण करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत, दुखापत गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा इंग्रजांच्या दंडसंहितेपासून लिहिलेली आहे. अडचण अशी की न्यायालयाच्या दाराची किल्ली त्याच खात्याच्या खिशात ठेवलेली आहे. तपास खात्याच्याच माणसांनी करायचा, आणि खटल्याला परवानगी त्यांच्या वरच्या सरकारने द्यायची. ही किल्ली तिथून काढल्याशिवाय फाशीची मागणीही पोकळ आहे आणि मनोबलाची काळजीही.

हे मी बाहेरून बघून लिहीत नाही. महसूल खात्यात तीस वर्षांहून जास्त काळ काढला, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. एका तालुक्याच्या ठिकाणी नोकरीला असताना एक म्हातारा शेतकरी कार्यालयात यायचा. भावाच्या वारसनोंदीत एका कर्मचाऱ्याने पैसे घेऊन फेरफार फिरवला, ही त्याची तक्रार. कोणीतरी शहाण्याने सांगितले म्हणून त्याने अर्ज थेट विभागीय आयुक्तांकडे दिला होता. तिथून तो ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ जिल्ह्याला आला, जिल्ह्याने प्रांताकडे धाडला, प्रांताने तहसीलला. आणि तहसीलमधून ‘चौकशी करून स्वयंस्पष्ट अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन तो पोहोचला नेमका ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच्या टेबलावर. ते शेवटचे पत्र मी टाइप केले होते. यथावकाश अहवाल आला: अर्जदाराच्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाला, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी ऐकायच्या दिवशी, म्हातारा परत आला. कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, ह्यो अर्ज त्याच्याकडंच गेला की. मग वर कशाला गेलो व्हतो मी?” मला उत्तर देता आले नाही, ते आजही बोचते. नियमबाह्य असे काहीच घडले नव्हते. प्रत्येकाने आपापला जावक क्रमांक टाकला होता, प्रत्येकाच्या नोंदवहीत तो अर्ज ‘निकाली’ होता.

या म्हाताऱ्याच्या दीडशे वर्षे आधी साताऱ्यातूनच एक माणूस असाच अर्ज घेऊन निघाला होता, आणि तो फार लांब गेला. १८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कटाचे आरोप ठेवून त्यांना गादीवरून काढले, काशीला नेऊन ठेवले. महाराज न्याय्य चौकशी मागत राहिले, ती त्यांना मिळाली नाही. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे राहिले. तक्रार होती कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या वागणुकीविरुद्ध, आणि दाद मागायची होती कंपनीच्याच कारभाऱ्यांकडे. त्यांनी निवेदने छापली, सभांमधून बाजू मांडली, कर्जात बुडाले. काही इंग्रज मंडळीही त्यांच्या बाजूने पोटतिडकीने बोलली. निकाल बदलला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, पुढच्याच वर्षी सातारचे राज्य खालसा झाले, आणि १८५३ च्या सुमारास रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले. पुढचे सातारकरांना ठाऊक आहे. चौदा वर्षे सनदशीर अर्ज करणारा हा माणूस १८५७ मध्ये उठावाच्या तयारीत दिसतो. त्यांच्या मुलासह सतरा जणांना गेंडामाळावर मृत्युदंड दिला गेला, ते स्वतः मात्र हाती लागले नाहीत. त्या चौदा वर्षांत कंपनीने कोणताही नियम मोडला असे तिच्या दप्तरात सापडणार नाही. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याच घरात न्याय मागायला लावणे, हाच तिथला नियम होता. तो आपण बदलला का?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, कारण तो मी नोकरीत असताना अंगावर झेललेला आहे. खोट्या तक्रारी. माण-खटावच्या नदीपात्रात रात्री अडीच वाजता वाळूचा डंपर अडवणाऱ्या तलाठ्यावर दुसऱ्या दिवशी खंडणीचा उलटा अर्ज पडतो. अतिक्रमण काढणाऱ्या अधिकाऱ्यावर जातिवाचक शिवीगाळीची फिर्याद होते, आणि त्यातली एखादी खरीही असते, म्हणून सगळ्याच खोट्या म्हणून टाकताही येत नाहीत. दंगलीत उभ्या असलेल्या हवालदाराला विचार करायला काही क्षण मिळतात, त्याच्या कृतीचा कीस न्यायालयात वर्षानुवर्षे पाडला जातो. प्रत्येक नाराज माणसाला उठून सरकारी नोकराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता आले, तर कोणीही प्रामाणिक माणूस सहीच करणार नाही. फाईल फिरत राहील, आणि त्याचा त्रास पुन्हा त्या म्हाताऱ्यालाच. हे सगळे मला मान्य आहे. चाळणी हवीच.

पण चाळणी कोणाच्या हातात हवी? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७, जे आता नागरिक सुरक्षा संहितेत २१८ झाले आहे, ती सरकारच्या हातात देते: कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा तर आधी शासनाची मंजुरी आणा. हे संरक्षण जन्माला आले परक्या सरकारचा अधिकारी आणि हिंदुस्थानी प्रजा यांच्यातल्या नात्यातून. साहेबाला प्रजेने सहजी न्यायालयात खेचू नये, ही त्यामागची गरज होती. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन गेलेल्या लोकांवर गोळ्या चालवणाऱ्यांना ज्या कायद्याचे छत्र होते, ते छत्र आपण प्रजासत्ताकात जसेच्या तसे उभे ठेवले. बरे, न्यायालयाच्या दारात चाळणी नाही असे तरी आहे का? नव्या संहितेच्या कलम २२३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की सरकारी नोकराविरुद्धच्या अशा खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्याने त्याला म्हणणे मांडायची संधी द्यावी आणि त्याच्या वरिष्ठांकडून वस्तुस्थितीचा अहवाल मागवावा. म्हणजे डंपर अडवणाऱ्या तलाठ्याची बाजू न्यायाधीश आधी ऐकणारच आहे. मग त्यावर शासनाच्या मंजुरीची दुसरी चाळणी कशाला? न्यायाधीशाला खोटी तक्रार ओळखता येत नाही आणि मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला येते, असे आपल्याला म्हणायचे आहे का?

शिवाय ही चाळणी सगळ्यांना सारखी लागत नाही, याबद्दल फारसे बोलले जात नाही. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली कलम १७अ घातले गेले. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या शिफारशीबद्दल किंवा घेतलेल्या निर्णयाबद्दल चौकशी सुरू करायलाही आता पूर्वमंजुरी लागते. अपवाद एकच: लाच घेताना जागेवर पकडला गेला असेल तर मंजुरीची गरज नाही. याचा अर्थ गावपातळीवर बघा. सातबाऱ्यासाठी पाचशे रुपये घेणारा सापळ्यात अडकतो, दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो येतो. निविदेच्या अटी फिरवून कोटींचा फायदा करून देणारा मात्र हातात नोटा घेत नाही, तो निर्णय घेतो. आणि निर्णयाला संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना मिळणारे अशाच जातीचे संरक्षण २०१४ साली घटनाबाह्य ठरवले होते. चार वर्षांत ते सगळ्यांसाठी म्हणून परत आले, पण उपयोग कोणाला होतो ते उघड आहे. पोलिसांच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१ म्हणते की कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल खटला सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. शासनाची मंजुरी असेल तरच मुदत वाढते. कोठडीत मार खाऊन बाहेर आलेला ऊसतोड कामगार सहा महिन्यांत आधी दवाखाना बघेल, हंगाम बघेल, की वकील?

एक चांगली गोष्ट झाली, ती मोकळेपणाने सांगतो. नव्या कलम २१८ मध्ये शासनाने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असे समजण्याची तरतूद आहे. मंजुरीच्या फाईली कशा थंड केल्या जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या एका ओळीची किंमत कळेल. नकार द्यायला कारण लिहावे लागते, सही करावी लागते. मौनाला काहीच लागत नाही. ते मौन तरी संपले. पण स्पष्ट नकार द्यायची वाट मोकळीच आहे, आणि कलम १७अ मध्ये तर मुदत ओलांडली तरी मंजुरी गृहीत धरण्याची सोय नाही.

मनोबलाचा मुद्दा यापेक्षा नाजूक आहे. पोलीस बारा-चौदा तास उभा असतो, सणाला घरी नसतो, वरून बंदोबस्ताचा आणि खालून लोकांचा ताप. ‘उद्यापर्यंत चोरीचा छडा लावा’ असा फोन येतो तेव्हा छडा कसा लावायचा याचे साधन त्याला दिलेले नसते, पट्टा दिलेला असतो. त्याच्यावर आणखी कायद्याची टांगती तलवार नको, हे म्हणणे माणुसकीतून येते. माझा अनुभव मात्र उलटा आहे. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ ला आणि देशात २००५ ला आला तेव्हा आमच्या कार्यालयात हेच बोलले गेले: आता काम करणे अशक्य, कारकून घाबरून लेखणीच उचलणार नाहीत. त्या कायद्यात माहिती द्यायला टाळाटाळ केली तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे, आणि तो कार्यालयाला नाही, त्या अधिकाऱ्याला स्वतःला भरावा लागतो. झाले काय? पूर्वी पुढाऱ्याचा फोन आला की साहेब आम्हाला तोंडी सांगायचे, आणि आम्ही टिपणी फिरवून लिहायचो. कायदा आल्यावर मला आयुष्यात प्रथमच म्हणता आले, “साहेब, ही टिपणी उद्या कोणीही मागेल. आपण लेखी आदेश द्या.” साहेब गप्प झाले. ते पुढच्या फोनवर तेच बोलले असतील. वैयक्तिक जबाबदारीने माझे मनोबल खचले नाही, तिने मला पहिल्यांदा पाठीचा कणा दिला. खालच्या माणसाला बेकायदा हुकूम नाकारायला एकच कारण पुरते: यात मी अडकेन. ते कारण आपण त्याच्याकडून काढून घेतले आहे आणि वर त्यालाच त्याचे संरक्षण म्हणतो.

निलंबनाविषयी लोकांचा मोठा गैरसमज आहे. बातमी येते, ‘दोषी अधिकारी निलंबित’, आणि लोक शांत होतात. आंदोलकही घरी जातात. निलंबन ही शिक्षा नाही. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्मा, पुढे वाढतो. विभागीय चौकशी सुरू होते. सादरकर्ता अधिकारी बदलून जातो, चौकशी अधिकारी निवृत्त होतो, साक्षीदार म्हणून बोलावलेले सहकारी ‘आठवत नाही’ म्हणतात, कारण उद्या त्याच माणसाच्या शेजारी बसायचे असते. वर्ष-दोन वर्षांत पुनःस्थापना होते. अखेर ठपका किंवा एखादी वेतनवाढ रोखणे. अशा चौकशीचे कागद मी लावले आहेत. त्यातले बहुतेक लोक वाईट नव्हते, ते फक्त एकमेकांना ओळखत होते, आणि ओळखीच्या माणसाला बुडवायला कोणाचा हात धजत नाही.

आणि भरपाई? १९६५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक विलक्षण प्रकरण आले होते. मेरठच्या पोलिसांनी एका सराफाचे सोने जप्त केले. ठाण्यातला हवालदारच ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला. न्यायालय म्हणाले, हे राज्याच्या सार्वभौम अधिकारातले काम होते, राज्य भरपाई द्यायला बांधील नाही. तिथून आपण बरेच पुढे आलो. निर्दोष सुटूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात सडलेल्या रुदुल साहला १९८३ मध्ये, आणि ओडिशात पोलिसांच्या ताब्यातल्या मुलाचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडलेल्या निलाबती बेहेरा यांना १९९३ मध्ये भरपाई मिळाली. ही मोठीच झेप होती. पण पैसे कोणाचे? मेलेल्या मुलाचा बाप जे मीठ-मिरची विकत घेतो, त्यावरच्या करातून त्यालाच भरपाई दिली जाते, आणि ज्याने मारले त्याच्या भविष्य निर्वाह निधीला धक्का लागत नाही. लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच हे बोलून दाखवले होते: करदात्याने का भरावे, जबाबदार अधिकारी शोधा आणि त्याच्याकडून वसूल करा. तीस वर्षे उलटली. मी नोकरीत असताना जमिनीच्या मोबदल्यापासून दंडापर्यंत सर्व प्रकारच्या वसुल्या पाहिल्या. या प्रकारची एकही पाहिली नाही.

खटल्यापर्यंत गोष्ट गेली तरी पुराव्याचा डोंगर उभा राहतो, कारण कोठडीच्या चार भिंतींत साक्षीदार कोण? सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये जबरी चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण शहर पोलीस ठाण्यात मेला. घरच्यांना सांगितले गेले की तो पळून गेला. प्रत्यक्षात त्याचा देह आंबोलीला नेऊन जाळला होता. उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला. सांगलीचे लोक रस्त्यावर उतरले नसते तर ‘पळून गेला’ हेच ठाणे-दैनंदिनीतले शेवटचे वाक्य राहिले असते, असे मला वाटते. कारण ते वाक्य नवे नव्हते. घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात पकडलेला परभणीचा एक अभियंता जानेवारी २००३ मध्ये पोलीस गाडीला अपघात होऊन पळाला, असेच सांगितले गेले होते. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने खटल्याला परवानगी दिली चौघांपुरती. त्याच परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचा एक विद्यार्थी कोठडीत मेला. गुन्हा नोंदवा हे सांगायला उच्च न्यायालयाला जुलै २०२५ उजाडला, आणि त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सरकारने सर्वोच्च न्यायालयात जाऊन काय मागितले, तर आमच्या पोलिसांवर गुन्हा नोंदवू नका!

फलटणच्या त्या तक्रारीचे महत्त्व इथे कळते. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. नातेवाइकांना कळवा, अटकेचा पंचनामा करा, आणि दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करा. कोठडीत डोकावणारा पोलीस खात्याबाहेरचा पहिला डोळा हा सरकारी डॉक्टरचा असतो. २०२० मध्ये न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितले, पण अंगावरचा वळ कॅमेऱ्यापेक्षा डॉक्टरला आधी दिसतो. त्या डॉक्टरवर दबाव येतो ही तक्रार म्हणजे एका खात्याचे दुसऱ्याशी भांडण समजून बाजूला ठेवायची गोष्ट नव्हती.

पुराव्याचे ओझे फिरवणे अशक्य आहे असे वकील मंडळी सांगतात. मग १९८३ मध्ये काय झाले? तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडले, देशभरातल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि पुराव्याचा कायदा बदलला: कोठडीत अत्याचार झाला आणि स्त्री म्हणाली की संमती नव्हती, तर न्यायालय तसेच गृहीत धरेल. राज्यघटना कोसळली नाही, पोलीस खाते बंद पडले नाही. दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, विधी आयोगाने ११३व्या अहवालात कोठडीतल्या दुखापतीसाठीही असेच गृहीतक सुचवले. निमित्त होते उत्तर प्रदेशातल्या एका शेतकऱ्याचे, ज्याने पोलिसाच्या लाचखोरीची तक्रार केली म्हणून त्याला ठाण्यात मारून टाकले होते. ती शिफारस चाळीस वर्षे पडून आहे. पुराव्याचा कायदा २०२३ मध्ये मुळापासून नवा लिहिला तेव्हाही तिला जागा मिळाली नाही. आणि त्याच कायद्यात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही हे दीडशे वर्षांहून जुने तत्त्व मात्र कायम आहे. म्हणजे ठाण्यात मारतात हे कायद्याला ठाऊक आहे. मारणाऱ्याला धरायचे कसे, एवढेच तो लिहीत नाही.

भर चौकात फाशी मागणाऱ्यांशी माझे भांडण वेगळे आहे. आपल्या मुलुखात झटपट न्यायाचे आकर्षण जुने आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रति सरकारने १९४३ पासून गावोगाव न्यायनिवाडे केले, गावगुंडांना आणि फितुरांना जरब बसवली. त्याच्या आठवणींवर माझी पिढी वाढली. पण तो न्याय लोकांनी हाती घेतला, कारण कचेरी परक्याची होती. आज चकमकीला टाळ्या वाजवणारा माणूस न्याय पुन्हा कचेरीच्याच हाती देतो, तोही साक्षी-पुराव्याशिवाय. पोलिसाने मारलेला गुंड आवडतो, पोलिसाने मारलेला मुलगा आवडत नाही. पण दोन्ही वेळा ट्रिगरवरचे बोट तेच असते, आणि पहिल्या वेळी त्याला विचारले गेले नाही म्हणूनच दुसरी वेळ येते.

आणि अशा प्रत्येक चर्चेत कोणीतरी माहुलीच्या रामशास्त्र्यांचे नाव घेतो. घ्यावेच, ते आमच्या कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे आहेत. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर ‘देहान्त प्रायश्चित्त’ सांगणारा न्यायाधीश जगात कुठेही विरळाच. मात्र भाषणे तिथेच थांबतात, गोष्ट तिथे थांबत नाही. निकाल सांगून रामशास्त्र्यांनाच पुणे सोडून वाईजवळ येऊन राहावे लागले. राघोबांना पायउतार केले ते बारभाईंच्या राजकारणाने, न्यायनिवाड्याने नव्हे. गारद्यांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या म्होरक्यांपैकी काही पुढे पकडले जाऊन ठार केले गेले. राघोबादादा मात्र कोपरगावला घरच्या अंथरुणावर वारले. हात छाटले गेले, हुकूम देणारा सुटला. अडीचशे वर्षे आपण त्या एका माणसाच्या धैर्याला नमस्कार करतो आणि त्याचा निकाल अंमलात आणणारी व्यवस्था उभी करायचे टाळतो. फलटण असो की सांगली, आज तरी वेगळे काय घडते? हवालदार अडकतो, ‘उद्यापर्यंत छडा लावा’ म्हणणारा फोन अडकत नाही.

व्यवस्था म्हणजे आकाशातले तारे नाहीत. प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्यात राज्य आणि विभाग या दोनच पातळ्या ठेवल्या. म्हणजे जत-आटपाडीच्या माणसाने पुणे विभागाकडे बघायचे. जिल्ह्याची पातळी द्या, आणि त्या प्राधिकरणाला स्वतःचे तपासी अधिकारी द्या, ज्यांच्या बदल्या आणि गोपनीय अहवाल पोलीस अधीक्षकांच्या हातात नसतील. कोठडीतल्या मृत्यूला आणि मारहाणीला मंजुरीचे कलम लागू होत नाही, असे कायद्यातच लिहा. ‘हे कर्तव्यात येते का’ या एका वादावर खटले वर्षानुवर्षे वरच्या न्यायालयांत लटकतात. कलम १६१ ची सहा महिन्यांची अट काढा. ११३व्या अहवालातले गृहीतक कायद्यात आणा. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता देणारा कायदा २०१० मध्ये लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडकला आणि संपला. तो परत आणा. यातले काहीही फलटणच्या तपासाची वाट बघत थांबायचे कारण नाही.

आणि एक काम असे आहे की त्याला मुंबई-दिल्लीचीही गरज नाही. आमच्या प्रत्येक सरकारी कार्यालयात भिंतीवर एक पाटी असते: शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ अन्वये कारवाई करण्यात येईल. कलमाचा क्रमांक आता १३२ झाला, पाटी तीच आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्राने जुन्या कलमाखालची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती, तेव्हा ती रंगवून नवी झाली. मी तीस वर्षे तिच्याखाली बसलो. सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयांनी त्या पाटीच्या शेजारी दुसरी लावावी. त्यावर नावे नकोत, आरोप नकोत. फक्त एवढेच असावे: या जिल्ह्यातल्या सरकारी नोकरांविरुद्ध खटल्याच्या मंजुरीचे किती प्रस्ताव कोणत्या तारखेला गेले, किती दिवस कोणत्या पदाकडे आहेत, किती नाकारले आणि का, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच कार्यालयाकडे किती अर्ज अहवालासाठी पाठवले गेले. यातली प्रत्येक नोंद कार्यालयात आजही असते. मी ती ठेवलेली आहे. आवक-जावकच्या बारनिशीत ती कुठल्या रकान्यात सापडते, ते दाखवायला पुढच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः येतो.